मोजून केलेली जखम

डर्मा रोलर हातात आला की आधी त्याचं डोकं भिंगाखाली बघावं. जेमतेम १२ सेंटिमीटरची मूठ, टोकाला २ सेंटिमीटरचं फिरतं नळकांडं, आणि त्यावर २४ ओळींत, दर ओळीत ८, अशा १९२ सुया. दवाखान्यात वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या रोलरची ही रचना. एकेका सुईची जाडी ०.१ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना त्या नळकांड्यावर फक्त राखाडी चकाकी दिसते. भिंगाखाली मात्र प्रत्येक टोक वेगळं उभं राहतं, आणि हे गालावरून फिरवायचं आहे या विचाराने अंगावर काटा येतो.

मग खोक्यावरचा आकडा बघावा. ०.२५, ०.५, १.०, १.५. ऑनलाइन दुकानांत काही शे रुपयांत हे सगळे शेजारी शेजारी मिळतात, आणि ‘जरा मोठा घेतला तर गुण लवकर येईल’ असं म्हणून अनेक जण पुढचा आकडा उचलतात. हा आकडा म्हणजे सुईची मिलिमीटरमधली लांबी. सगळ्या विषयाची किल्ली त्यातच आहे, कारण ०.२५ ची सुई आणि १.५ ची सुई कातडीच्या दोन निराळ्या मुलखांत उतरतात.

गालाच्या कातडीत वरून खाली उतरत जाऊ. सगळ्यात वर मेलेल्या पेशींचे १५-२० पापुद्रे, एकावर एक चिकटलेले. त्या सगळ्यांची मिळून जाडी ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर. त्याखाली जिवंत पेशींचा थर. हे दोन्ही मिळून झाली बाह्यत्वचा, सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकत जातात, सरकता सरकता मरतात आणि साधारण महिना-दीड महिन्याने आपल्या नकळत गळून पडतात. बाह्यत्वचेच्या खाली अंतस्त्वचा. ती मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाड. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळं इथे. कातडीला ताण देणारं कोलॅजनही इथेच, आणि ते तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशीही इथेच.

वरचा तो मेलेला थर किती कडक पहारेकरी आहे हे कळलं की आपल्या कपाटातल्या निम्म्या बाटल्यांकडे बघण्याची नजर बदलते. यान बॉस आणि मार्कस माइनार्डी या संशोधकांनी २००० साली एक साधा नियम मांडला: ज्या रेणूचं वजन ५०० डाल्टनपेक्षा जास्त, तो धड असलेल्या कातडीतून सहसा आत जात नाही. कोलॅजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा. म्हणजे ‘कोलॅजन क्रीम’मधलं कोलॅजन दारातच थांबतं. चेहरा थोडा वेळ मऊ लागतो तो वरच्या थरात ओलावा टिकल्यामुळे.

सुई हा पहारा ओलांडते. तिने पाडलेली वाट काही तास उघडी राहते आणि मग मिटते. कातडी झाकून ठेवली तर जरा जास्त वेळ उघडी राहते. या काही तासांच्या फटीवर जगभरात केवढं संशोधन चाललं आहे! अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये मार्क प्राउस्निट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सिलिकॉनच्या सूक्ष्म सुया वापरून कातडीतून औषध आत पोचवता येतं हे दाखवलं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये गांबिया देशातली एक चाचणी छापून आली. ४५ प्रौढ आणि २४० लहान मुलं त्यात होती. काही जणांना गोवर-रुबेलाची लस सूक्ष्म सुयांच्या पट्टीतून दिली, काहींना नेहमीसारखी टोचून. तुलनेसाठी घेतलेली टोचायची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. पट्टीने मुलांमध्ये टोचलेल्या लसीच्या तोडीची प्रतिकारशक्ती आली. शीतपेटी खांद्यावर घेऊन पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या आरोग्यसेविकेला अशी पट्टी मिळाली तर तिचं काम किती हलकं होईल, याची कल्पना आपल्याकडे कुणालाही करता येईल.

सौंदर्यासाठी सुई वापरण्याची कल्पना मात्र निराळ्या वाटेने आली, आणि ती कुणी ठरवून काढलेली नाही. आंद्रे कामिराँ हे कॅनडातले प्लास्टिक सर्जन. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या कानापाशी पांढरट वण राहिले होते. ते झाकायला कामिराँनी त्यांवर कातडीच्या रंगाचं गोंदण केलं. एक-दोन वर्षांनी बघितलं तर भरलेला रंग उडून गेला होता, तरी वण पांढरे नव्हते. शरीराने तिथे स्वतःचा रंग परत आणला होता, आणि वणाची कातडीही सपाट, मऊ झाली होती. मग काम केलं ते रंगाने की सुईने? त्यांनी सुईच्या यंत्रातला रंग काढून टाकला, कोरड्या सुईने वण टोचून पाहिले, आणि १९९७ मध्ये हा अनुभव सहकारी डुसे यांच्याबरोबर प्रसिद्ध केला. त्याच्या २ वर्षं आधी न्यूयॉर्कच्या ओरेंट्राइख बापलेकांनी आणखी एक युक्ती मांडली होती. वणाच्या खाली सुई आडवी घालून त्याला खाली खेचून धरणारे धागे कापायचे, म्हणजे खड्डा वर येतो. आजही त्वचारोगतज्ज्ञ मुरुमांच्या खोल खड्ड्यांसाठी ही पद्धत वापरतात. केप टाउनचे सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी पुढे एकेक सुई टोचत बसण्याऐवजी त्या फिरत्या नळकांड्यावर बसवल्या. आज घरोघरी पोचलेला रोलर तो हाच.

आता सुई अंतस्त्वचेपर्यंत पोचल्यावर काय घडतं ते पाहू. मला या विषयातला सगळ्यात विलक्षण भाग हाच वाटतो.

सुई बाहेर येते. बारीकशा रक्तवाहिनीला चीर गेलेली असते. तिथे आधी पोचतात प्लेटलेट. डेंग्यूच्या साथींनी हा शब्द आपल्या घराघरांत नेला, पण तो रक्त थांबवणाऱ्या पेशी म्हणून. त्यांचं दुसरं काम आपल्याला फारसं ठाऊक नसतं. प्लेटलेटच्या पोटात बारीक पुड्या असतात आणि त्यांत पेशींना वाढीचे संदेश देणारी प्रथिनं भरलेली असतात. जखम होताच त्या पुड्या फुटतात आणि संदेश आजूबाजूला पसरतात. मग जंतूंचा बंदोबस्त करणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात. एक-दोन दिवसांत त्यांची जागा मॅक्रोफेज घेतात. ते मेलेला कचरा गिळतात आणि स्वतःही नवे संदेश सोडत राहतात. ते ऐकून एरवी संथपणे काम करणारे फायब्रोब्लास्ट जागे होतात, संख्येने वाढतात आणि कोलॅजन घालू लागतात. आधी घातलेलं कोलॅजन तात्पुरतं, प्रकार ३ चं. मग महिनोन्महिने शरीर ते काढत राहतं आणि त्या जागी प्रकार १ चं मजबूत कोलॅजन बसवत राहतं. चेहऱ्यावरची लाली २-३ दिवसांत जाते, पण आतलं काम वर्षभरही चालू असतं. चेहऱ्याच्या वणांवर उपचार करताना तज्ज्ञ दोन खेपांमध्ये ४ ते ६ आठवड्यांचं अंतर ठेवतात ते यासाठीच. रोज रोलर फिरवणारा माणूस या कारागिरांना एकही काम पुरं करू देत नाही.

यात विजेचाही हात असावा. कातडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत सदैव एक बारीकसा विद्युतदाब असतो. जखम झाली की तिथे तो दाब कोसळतो आणि जखमेतून प्रवाह वाहू लागतो. बर्लिनच्या एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी १८४३ मध्ये स्वतःचं बोट कापून हा प्रवाह मोजला होता. भोवतालच्या पेशी या प्रवाहाच्या दिशेने सरकतात, हे २००६ मध्ये मिन झाओ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं. रोलरच्या शेकडो छिद्रांमुळे असंच काही होत असेल, असा काही संशोधकांचा तर्क आहे. तो अजून तर्कच आहे, पण विचार करण्याजोगा.

एवढी भोकं पाडूनही वण का राहत नाही? साधा हिशोब करू. एकाच जागी १५-२० वेळा रोलर फिरवला की एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे २५० छिद्रं पडतात. छिद्राचा व्यास सुईएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटर धरला, तर सगळ्या छिद्रांचं मिळून क्षेत्रफळ भरतं सुमारे २ चौरस मिलिमीटर. चौरस सेंटिमीटर म्हणजे १०० चौरस मिलिमीटर. म्हणजे ९८ टक्के कातडी जागच्या जागी धड आहे. प्रत्येक छिद्राच्या काठावर जिवंत, निरोगी पेशी उभ्या आहेत आणि त्यांना ०.१ मिलिमीटरचं अंतर सांधायचं आहे. ते काही तासांत सांधलं जातं.

मोठी जखम भरताना शरीर घाई करतं. निरोगी अंतस्त्वचेत कोलॅजनचे धागे टोपलीच्या विणीसारखे आडवेउभे गुंतलेले असतात, म्हणून कातडी सगळीकडून ताणता येते. मोठ्या जखमेत मात्र ते एकाच दिशेने, समांतर, दाट घातले जातात. तोच आपण बघतो तो ताठ, चकचकीत वण. सूक्ष्म जखमेत ही घाई करण्याची वेळच येत नाही. म्हणून मुरुमांच्या खड्ड्यांसाठी जुन्या घासून काढण्याच्या पद्धतींपेक्षा किंवा काही लेझरपेक्षा सुया आपल्या सावळ्या कातडीला जास्त मानवतात. वरचा थर सोलला जात नाही, त्यामुळे रंग तयार करणाऱ्या पेशी चवताळून काळे डाग पडण्याचा धोका कमी राहतो. कमी, पण शून्य नव्हे. आपल्याकडे साधा डास चावला तरी महिनाभर काळा ठिपका राहणारे लोक आहेत, आणि त्यांनी हे विसरू नये.

वणाचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांच्या दंडावर किंवा हातावर देवीच्या लशीच्या गोल खुणा दिसतात. त्या काळी आपल्याकडे लस टोचायला एक फिरतं हत्यार असे. काडीच्या टोकाला छोटी चकती, चकतीला दात. हातावर लशीचा थेंब ठेवायचा आणि चकती त्यावर दाबून फिरवायची. फिरत्या सुयांशी आपली ओळख इतकी जुनी आहे! मग त्या खुणा आयुष्यभर का टिकल्या? कारण लशीतला जिवंत विषाणू तिथे वाढायचा, फोड यायचा, त्यात पू व्हायचा, खपली धरायची. दातांनी केलेली जखम क्षुल्लक होती. आत वाढलेल्या जिवाने तिचा वण केला. छोटी जखम चिघळली की ती मोठ्या जखमेच्या वाटेने जाते. घरी रोलर वापरणाऱ्याने एवढी एक गोष्ट पक्की धरली तरी बरंच साधेल.

घराच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. ०.२५ मिलिमीटरची सुई कागदावर अंतस्त्वचेपर्यंत पोचायला हवी. प्रत्यक्षात कातडी दाबाखाली वाकते आणि रोलरची सुई तिरपी शिरून तिरपी बाहेर येते, त्यामुळे पूर्ण लांबी आत जातच नाही. रक्त येत नाही, म्हणजे प्लेटलेट बाहेर पडलेल्या नाहीत, म्हणजे वर सांगितलेली सगळी साखळी सुरूच होत नाही. दुसऱ्या दिवशी चेहरा भरलेला, गुलाबी दिसतो ती सूज असते आणि ती ओसरते. अशा रोलरने खड्डे भरणार नाहीत. खड्डे भरायला १ ते २ मिलिमीटर खोल जावं लागतं, आणि तेवढं खोल जाणारी सुई न्हाणीघराच्या आरशासमोर वापरायची वस्तू नाही. तिथे भूल देणारं क्रीम लागतं, निर्जंतुक सुई लागते, कुठे थांबायचं हे ओळखणारा हात लागतो. घरी जे बेतात आहे त्याने फार काही होत नाही, आणि ज्याने होतं ते घरी बेतात राहत नाही. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने २०१८ मध्ये सूक्ष्म सुयांच्या एका उपकरणाला मुरुमांच्या वणांसाठी परवानगी दिली. जिवंत थरात शिरणाऱ्या सुया ग्राहकाने दुकानातून घेऊन स्वतः वापराव्यात, याला मात्र तिने मान्यता दिलेली नाही.

सुयांचा खरा प्रभाव नीट तपासला तर काय दिसतं, याचं उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी टक्कल पडू लागलेल्या १०० पुरुषांचा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये छापला. एका गटाला फक्त मिनॉक्सिडिल हे केसांसाठी लावायचं औषध. दुसऱ्याला मिनॉक्सिडिल आणि शिवाय दर आठवड्याला १.५ मिलिमीटरच्या रोलरने टोचणी. केस मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. १२ आठवड्यांनी ठरावीक जागेतल्या केसांच्या संख्येत सरासरी वाढ पहिल्या गटात २२.२, दुसऱ्यात ९१.४. टोचणीच्या दिवशी औषध लावायचं नाही, २४ तासांनी पुन्हा सुरू करायचं, असा नियम होता. म्हणजे भोकांतून औषध जास्त शिरलं एवढ्यावर हा फरक मिटवता येत नाही. जखमेच्या संदेशांनी केसांच्या मुळांनाही हलवलं असावं. टक्कलावरच्या सुयांच्या चर्चेत या शोधनिबंधाचा दाखला आजही जगभर दिला जातो. शीवच्या गर्दीच्या ओपीडीत असं काम उभं राहिलं याचा मला अतिशय अभिमान वाटतो.

धोक्यांचंही बोलायला हवं. पहारा उठला की आत काय सोडतो हे आपल्याला ठाऊक असायला हवं. कातडीवर लावायला बनवलेलं सिरम कातडीच्या आत जायला बनवलेलं नसतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ३ स्त्रियांची हकीकत छापली. सुयांच्या उपचारानंतर त्यांच्या चेहऱ्यावर गाठी उठल्या, काही केल्या जाईनात. त्यांतल्या दोघींना उपचाराच्या वेळी व्हिटॅमिन सीचं सिरम लावलं होतं आणि त्याचीच त्यांना ॲलर्जी निघाली. एरवी गालावर निरुपद्रवी असलेला पदार्थ आत जाताच शरीराने शत्रू ठरवला. लिंबू, हळद, दही-बेसन यांचे लेप आपल्या घरांत आवडीने लावले जातात. रोलर फिरवलेल्या चेहऱ्यावर ते त्या दिवशी नकोतच.

दुसरा धोका, जंतू. न्यू मेक्सिकोतल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये रक्तातला द्रव लावून सुयांचं फेशियल करत. तिथून ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं २०१८ पासूनच्या तपासात पुढे आलं, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. बहिणी-बहिणींत कंगवा चालतो, रोलर चालत नाही. पार्लरमध्ये कुणी रोलर काढला तर तो सीलबंद पाकिटातून आपल्यासमोर निघतोय का हे बघावं, आणि निघत नसेल तर उठून यावं.

तिसरा धोका अधिक चमत्कारिक. हाइनरिश कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी १८७० च्या दशकात एक निरीक्षण नोंदवलं: सोरायसिस असलेल्या माणसाच्या निरोगी कातडीला ओरखडा गेला की तिथेही सोरायसिस उगवतो. कोडाचंही तसंच. चपट्या चामखिळींचा विषाणू तर सुईने पाडलेल्या वाटेने पसरतो. म्हणून अशी माणसं, ओठांवर वरचेवर जर येणारी माणसं, जखमेच्या जागी मांस वाढणारी माणसं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारी माणसं यांनी घरी हा प्रयोग करूच नये. पिकलेले मुरूम असताना तर अजिबात नाही. एका मुरुमातला पू गालभर पेरला जातो. आपल्याकडे गोरं होण्याच्या आशेने स्टिरॉइडची क्रीम वर्षानुवर्षं चोळणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांची कातडी आधीच पातळ झालेली असते. त्यांनी रोलरआधी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

एवढं ऐकूनही कुणाला घरी ०.२ किंवा ०.२५ चा रोलर वापरायचाच असेल, तर सिरम जरा जास्त मुरावं एवढीच अपेक्षा ठेवावी आणि हात हलका ठेवावा. वापराआधी सुया भिंगाखाली बघाव्यात. स्वस्त रोलरांत स्वतंत्र सुया नसतात, दात काढलेल्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या टोचण्यापेक्षा चिरतात. वाकलेलं एक टोकही कातडी फाडतं. कापसावरून हलकेच फिरवून बघावं, धागा अडकला तर तो रोलर गेला. सुया ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून वाळवाव्यात. याने बरेच जंतू मरतात, पण ऑपरेशन थिएटरची निर्जंतुकता येत नाही. चेहरा स्वच्छ धुवावा. दिशा बदलताना रोलर उचलावा, गालावर ठेवून वळवू नये. पापण्या आणि ओठ सोडावेत. नंतर वासाचं काही लावू नये, साधं मॉइश्चरायझर पुरे. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, ॲसिडवाली सिरम २-३ दिवस लांब. दुसऱ्या दिवसापासून सनस्क्रीन न चुकता, कारण आपलं ऊन असं आहे की फेब्रुवारीतही डाग पाडतं. आणि घरात लग्न असेल तर त्या आठवड्यात पहिल्यांदाच करून बघण्याचा मोह टाळावा.

सुया लवकर बोथट होतात. थोड्याच वापरांनी रोलर टाकून द्यावा. तो टाकतानाही काळजी घ्यावी. वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात मोडतात, ओल्या-सुक्या डब्यात नाही. झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात बंद करून, चिकटपट्टी लावून, वर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरांत लिहून तो वेगळा द्यावा. कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हातात पुष्कळदा मोजेही नसतात.